विटा ते काठमांडू : खुल्या सीमेवरची न मोजलेली माणसे

१/
काठमांडूच्या सराफी पेठेत, एखाद्या अरुंद जिन्याच्या माथ्यावर, मूस तापत ठेवून बसलेल्या माणसांच्या तोंडी माणदेशी मराठी ऐकू येते. ही माणसे सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडीची किंवा साताऱ्यातील माण-खटावची असतात. त्याच रात्री सातारा-सांगलीच्या एखाद्या पेठेत काठी आपटीत फिरणारा राखणदार नेपाळच्या डोंगराळ जिल्ह्यातून आलेला असतो. सीमा ओलांडताना या दोघांनाही व्हिसा लागला नाही, आणि दोघांचीही कामगार म्हणून कोठे नोंद झाली नाही. या दोन प्रवाहांचा इतिहास एकत्र वाचला पाहिजे, असे या धाग्याचे म्हणणे आहे.

२/
प्रथम भूगोल. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. तेथून पूर्वेकडे निघाले की सह्याद्रीची पर्जन्यछाया सुरू होते, आणि माण, खटाव, खानापूर, आटपाडी या पट्ट्यात पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास येऊन ठेपतो. हाच दुष्काळी माणदेश. १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ, १८९९-१९०० चा दुष्काळ आणि १९७२ चा दुष्काळ या तिन्हींचे घाव या पट्ट्याने सोसले आहेत.

३/
सातारा आणि सांगली ही नावे आज वेगळी असली, तरी स्थलांतराच्या इतिहासात त्यांना तोडता येत नाही. ब्रिटिश काळात खानापूर तालुका सातारा जिल्ह्यातच होता. आटपाडी औंध संस्थानात होती. संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ मध्ये साताऱ्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले, आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. दुष्काळाने मात्र ही हद्द कधी मानली नाही. मुंबईच्या गिरण्यांत गेलेला सातारकर आणि परमुलखात गलाईला गेलेला खानापूरकर हे एकाच कोरड्या रानातून निघालेले आहेत.

४/
गलाई म्हणजे काय? सराफाकडे आलेले जुने दागिने, सोनारकामातील कण व चुरा वितळवून त्यातून शुद्ध सोने-चांदी वेगळी काढण्याचे काम. सोनारांच्या पेठेतील धूळ धुऊन सोने शोधणारे झारेकरी पूर्वीपासून होतेच. गलाईवाल्याचे काम त्याच्या पुढचे. अशुद्ध सोन्यात साधारण तिप्पट चांदी मिसळून ते वितळवतात व तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात, टाकतात. चांदी व तांबे विरघळते, सोने तळाशी उरते. नंतर त्या द्रावात तांब्याचे पत्रे घालून चांदी परत मिळवतात.

५/
या कामाला भांडवलापेक्षा दोन गोष्टी अधिक लागतात : हाताची सवय आणि सराफाचा विश्वास. परक्याच्या हाती सोने देताना सराफ माणूस पाहतो, त्याचे गाव पाहतो, त्याला कोणी आणले ते पाहतो. म्हणून हा व्यवसाय भावकीच्या आणि गावकीच्या वाटेने पसरला. एक जण एखाद्या शहरात स्थिरावला की गावाकडून चुलतभाऊ, मेहुणा, शेजाऱ्याचा मुलगा येई. तो दुकानातच राही, भट्टी सांभाळी, काही वर्षांनी पुढच्या गावी स्वतःचे दुकान थाटी. विसाव्या शतकात ही साखळी तमिळनाडू, केरळपासून बिहार, बंगाल, आसामपर्यंत पोचली. १९७२ च्या दुष्काळानंतर तिला विशेष वेग आला.

६/
बिहार आणि उत्तर प्रदेशाच्या सराफी पेठांत पाय रोवलेल्या या माणसांना नेपाळ दूर नव्हता. रक्सौल ओलांडले की वीरगंज, सोनौली ओलांडली की भैरहवा. सातारा-सांगलीहून चेन्नईला जाणाऱ्याला भाषेची जेवढी अडचण होती, तेवढीही येथे नव्हती. देवनागरी पाट्या वाचता येत. गलाईवाल्याच्या दृष्टीने काठमांडू हे साखळीतील पुढचे गाव होते. ते दुसऱ्या देशात आहे, ही गोष्ट त्याला आठवावी लागे ती केवळ नोटा बदलताना. १९९३ पासून शंभर भारतीय रुपयांना एकशे साठ नेपाळी रुपये हा दर कायम असल्याने तीही अडचण मोठी नव्हती.

७/
हे शक्य झाले ते एका करारामुळे. ३१ जुलै १९५० रोजी भारत व नेपाळ यांनी शांतता व मैत्रीचा करार केला. त्याचे सातवे कलम सांगते की, एका देशाच्या नागरिकास दुसऱ्या देशात निवास, मालमत्ता, व्यापार-उदीम आणि संचार यांबाबत परस्परतेच्या तत्त्वाने समान सवलती मिळाव्यात. नेपाळच्या बाजूने सही करणारे मोहन शमशेर हे राणा घराण्याचे पंतप्रधान होते, आणि वर्षभरातच राणांची एकहाती सत्ता संपुष्टात आली. राजवट गेली, करार राहिला. त्या कराराच्या एका कलमावर आज काठमांडूतील मराठी भट्टी आणि सांगलीतील नेपाळी राखणदार हे दोघेही उभे आहेत.

८/
नेपाळकडून येणारा प्रवाह त्याहून जुना आहे. १८१४ ते १८१६ च्या युद्धाच्या काळातच कंपनी सरकारने गुरख्यांची पलटणींत भरती सुरू केली. त्याही आधी डोंगरातील तरुण रणजितसिंहाच्या फौजेत नोकरीसाठी लाहोरला जात. नेपाळी भाषेत आजही परदेशी चाकरीला गेलेल्याला ‘लाहुरे’ म्हणतात. सातारकराला ही गोष्ट परकी वाटू नये. याच जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणून ओळखले जाते. जेथे रान पोट भरत नाही, तेथून माणूस पलटणीत जातो किंवा परमुलखात जातो. हा नियम हिमालयात आणि सह्याद्रीत सारखाच लागू पडला.

९/
पलटणीतील या प्रतिमेनेच पुढे महाराष्ट्रात ‘गुरखा’ हा शब्द जातीचा वा देशाचा न राहता धंद्याचा झाला. रात्री राखण करणारा तो गुरखा, मग तो नेपाळच्या कोणत्याही जिल्ह्याचा व कोणत्याही समाजाचा असो. आज नेपाळी माणूस रत्नागिरीच्या आंबा बागांत राखणीला आहे, मासेमारीच्या नौकांवर आहे, पाचगणी-महाबळेश्वरच्या हॉटेलांत आहे. कोकणातील बागायतदार त्याच्याविना हंगाम काढण्याची कल्पना करू शकत नाहीत. पण त्याचे गाव कोणते, घरी कोण आहे, आजारी पडला तर कळवायचे कोणाला, हे मालकाला अनेकदा ठाऊक नसते.

१०/
आता प्रादेशिक संघटनेकडे वळावे. ८ डिसेंबर १९८५ रोजी ढाक्यात सार्कची स्थापना झाली, आणि १९८७ मध्ये तिचे सचिवालय काठमांडूत सुरू झाले. व्यापार खुला करण्याचा पहिला करार १९९३ चा; त्यानंतर मुक्त व्यापार क्षेत्राचा ‘साफ्टा’ करार २००४ मध्ये होऊन २००६ पासून लागू झाला. साफ्टा मालापुरता आहे. सेवांच्या व्यापाराचा वेगळा करार २०१० मध्ये थिंफूत झाला. या कागदांत कापड आहे, सिमेंट आहे, शुल्काचे तक्ते आहेत. मजुरीसाठी सीमा ओलांडणाऱ्या सामान्य माणसाला मात्र त्यांतून कोणताही हक्क मिळालेला नाही.

११/
सार्कने माणसांसाठी काहीच केले नाही असे नाही. १९९२ मध्ये व्हिसा-सवलत योजना सुरू झाली. तिच्या यादीत संसद सदस्य आहेत, उच्च न्यायालयांचे न्यायाधीश आहेत, अधिकारी, उद्योजक, पत्रकार, खेळाडू आहेत. एकूण चोवीस वर्ग. गलाई कारागीर, राखणदार, बागेतील मजूर हा पंचविसावा वर्ग त्या यादीत कधीच आला नाही. २०१४ च्या काठमांडू शिखर परिषदेच्या जाहीरनाम्यात स्थलांतरित मजुरांच्या सुरक्षिततेचा उल्लेख झाला. पण २०१६ ची इस्लामाबाद परिषद रद्द झाली आणि त्यानंतर शिखर परिषदच भरली नाही. सचिवालय ज्या शहरात आहे, त्याच शहरात गलाईची भट्टी आहे, आणि या दोहोंचा एकमेकांशी काहीही संबंध नाही.

१२/
यावर कोणी म्हणेल : सार्क नको, १९५० चा करार पुरेसा आहे. सीमा खुली आहे, माणसे जातात-येतात, धंदा चालतो. मग अडले कोठे? अडते ते संकट आले की. त्या करारात ये-जा करण्याची मुभा आहे. ये-जा करणाऱ्याचे पुढे काय होईल, याची जबाबदारी कोणी घ्यायची, यावर तो मौन पाळतो. गेल्या दहा-बारा वर्षांत हे मौन वारंवार महागात पडले आहे.

१३/
२५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळात ७.८ क्षमतेचा भूकंप झाला, सुमारे नऊ हजार माणसे मेली. त्या दिवसांत विटा-आटपाडी परिसरातील घरांत काठमांडूच्या फोनची वाट पाहिली गेली. आपल्या जिल्ह्याची किती माणसे तेथे आहेत, याची यादी सरकारी दप्तरात असण्याचे कारणच नव्हते; जी माहिती होती ती भावकीकडे होती. सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूत तरुणांच्या आंदोलनाने सरकार कोसळले, विमानतळ बंद पडला, तेव्हाही घरच्यांना विसंबावे लागले ते अशाच घरगुती ओळखींवर. दहा वर्षांत राज्य बदलले, भ्रमणध्वनी सुधारले, नोंदवही मात्र उघडली गेली नाही.

१४/
दुसऱ्या बाजूची कथा याहून कठोर आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये भारताने पाचशे व हजारच्या नोटा रद्द केल्या. भारतात कमावून नेपाळात नेलेल्या त्या नोटांचे पुढे काय करायचे, हा प्रश्न अनुत्तरित राहिला. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे सीमा बंद झाली, तेव्हा भारतातून परतणारे नेपाळी मजूर धारचुल्याजवळ महाकाली नदीच्या अलीकडे अडकले, आणि काहींनी नदीत उड्या घालून पैलतीर गाठला. समोर स्वतःचा देश दिसत होता. सत्तर वर्षे खुली असलेली सीमा बंद होऊ शकते, आणि ती बंद झाली की माणसाच्या हाती दाखवायला एकही कागद नसतो, हे त्या घटनेने दाखवले.

१५/
कायद्याच्या दृष्टीने ही माणसे कोठे बसतात ते पाहावे. नेपाळात परदेशी रोजगाराचा २००७ चा कायदा आहे. पण श्रमपरवाना भारतासाठी दिला जात नाही, आणि विमा व कल्याण निधी त्या परवान्याशी जोडलेला आहे. भारताचा १९८३ चा उत्प्रवास कायदा ज्या देशांसाठी तपासणी करतो, त्या यादीत नेपाळ नाही. भारताचा १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा राज्याराज्यांतील मजुरांचा होता. त्यात नेपाळी बसत नव्हता. थोडक्यात, आखातात गेलेला नेपाळी मोजला जातो, आखातात गेलेला सांगलीकरही बऱ्याच अंशी मोजला जातो. एकमेकांच्या देशात गेलेले मात्र दोन्हीकडच्या खात्यांतून गळतात. जवळीक हेच त्यांच्या गळतीचे कारण ठरले आहे.

१६/
गलाईची कथा सातारा-सांगलीत यशोगाथा म्हणून सांगितली जाते, आणि त्यात तथ्य आहे. दुष्काळी गावांतील बंगले, शाळांच्या खोल्या, देवळांचे जीर्णोद्धार यांत या पैशाचा वाटा मोठा आहे. खरसुंडीच्या किंवा म्हसवडच्या सिद्धनाथाच्या यात्रेला परमुलखातून परतणारी कुटुंबे पाहिली म्हणजे या व्यवसायाने काय दिले ते कळते. परंतु यशोगाथा दुकान-मालकाची असते. भट्टीपाशी बसणाऱ्या पोराची गोष्ट तीत येत नाही. सोने तेजाबात टाकले की तपकिरी-तांबूस धूर निघतो; तो नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा असतो, आणि तो फुप्फुसे जाळतो. कोंदट खोलीत वर्षानुवर्षे हा धूर घेणारा मुलगा दुसऱ्या देशात आजारी पडला, तर त्याच्या उपचाराची जबाबदारी कोणत्या कायद्याने कोणावर येते? व्यवहारात ती मालकाच्या चांगुलपणावर येते.

१७/
कोणी आक्षेप घेईल की गलाईवाला हा व्यापारी. नेपाळी राखणदाराशी त्याची तुलना कशी? फरक आहेच. गलाईवाल्याकडे कौशल्य आहे, आज ना उद्या मालक होण्याची शिडी आहे. राखणदाराकडे ती सहसा नसते. पण एक गोष्ट दोघांना समान आहे, ती म्हणजे संशय. शहरात चोरी झाली आणि दागिने वितळवले गेले, तर पोलिसांची पहिली नजर परक्या गलाईवाल्यावर जाते. बंगल्यात चोरी झाली, तर पहिली नजर नेपाळी राखणदारावर जाते. दोघेही विश्वासाच्या जोरावर काम मिळवतात आणि विश्वास डळमळला की दोघांच्याही बाजूने बोलणारा कागद नसतो. परमुलखातील आपल्या माणसावर संशय घेतला गेला की जे गाव संतापते, त्याने आपल्या पेठेतील राखणदाराकडे पाहण्याची नजरही तपासावी.

१८/
मग नोंदणी करावी, हे उघड उत्तर वाटते. पण इतिहास येथे सावध करतो. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले. चौदा कॅरटहून अधिक शुद्ध दागिने घडवण्यास बंदी झाली, आणि देशभरचे सोनार उघड्यावर पडले. १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याने परवान्याशिवाय सोने शुद्ध करणे हा गुन्हा ठरला. १९९० मध्ये हा कायदा रद्द होईपर्यंत कारागिराच्या दृष्टीने नोंदवही म्हणजे धाडीची पूर्वतयारी होती. गलाईवाल्याला सरकारी कागदाची धास्ती वाटते, ती केवळ अज्ञानातून आलेली नाही.

१९/
नेपाळच्या बाजूनेही असाच धडा आहे. १९८७ मध्ये नेपाळने काठमांडू खोऱ्यात भारतीयांना कामाचा परवाना सक्तीचा केला. स्थानिकांच्या रोजगाराचे रक्षण हा त्यामागचा हेतू अनाठायी नव्हता. लहान शेजाऱ्याची ही भीती १९५० च्या करारासोबतच्या पत्रांतही नोंदलेली आहे. पण परवाना राजकारणात ओढला गेला. १९८९ मध्ये दोन्ही देशांचे संबंध बिघडले, व्यापारी मार्ग रोखले गेले, आणि जून १९९० मध्ये दोन्ही सरकारांनी १ एप्रिल १९८७ ची स्थिती पुन्हा मान्य केली. परवाना गेला, त्यासोबत माणसे मोजण्याची संधीही गेली.

२०/
नोंद दोन प्रकारची असते : माणसाला अडवण्यासाठी केलेली आणि माणसाला मागता यावे म्हणून केलेली. युरोपचा अनुभव येथे उपयोगी पडतो. १९५६ मध्ये बेल्जियमच्या मार्सिनेल येथील कोळसा खाणीत आग लागून २६२ कामगार मेले. त्यांपैकी १३६ इटलीचे होते. दोन वर्षांनी, १९५८ मध्ये, नव्या युरोपीय आर्थिक समुदायाच्या अगदी पहिल्या नियमांत स्थलांतरित कामगारांच्या सामाजिक सुरक्षेचा नियम होता. एका देशात भरलेली वर्गणी दुसऱ्या देशात गमावली जाऊ नये, हे त्याचे सूत्र. कामगारांच्या मुक्त संचाराचे सविस्तर नियम १९६८ पर्यंत पूर्ण झाले. तेथे सुरक्षेचा विचार संचाराच्या आधी झाला. दक्षिण आशियात संचार आधीपासून आहे. सुरक्षा अजून यायची आहे.

२१/
भारत व नेपाळ यांनी नेमलेल्या मान्यवरांच्या गटाने २०१६ ते २०१८ या काळात १९५० च्या करारासह सर्व संबंधांचा आढावा घेऊन अहवाल तयार केला. तो दोन्ही सरकारांनी अद्याप अधिकृतपणे स्वीकारलेला नाही. करार बदलायचा की ठेवायचा, हा वाद चालत राहील. पण राखणदाराचा व गलाई कामगाराचा प्रश्न त्या वादासाठी थांबवून ठेवण्याचे कारण नाही. ऐच्छिक नोंद, अपघात व आजारपणाचा परस्परमान्य विमा, संकटात संपर्काची यादी आणि संशयाच्या प्रसंगी कायदेशीर मदत, एवढ्या चार गोष्टींना कराराच्या सातव्या कलमाला हात लावावा लागत नाही. त्यांची सुरुवात जिल्ह्यापासूनही होऊ शकते.

२२/
आणि ती सातारा-सांगलीतून होणे इतिहासाला धरून होईल. १९६९ मध्ये सांगलीच्या तासगाव तालुक्यातील विसापूर येथे वि. स. पागे यांनी मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात तो राज्यभर गेला, १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला, आणि पुढे तोच विचार देशाच्या रोजगार हमी कायद्यात उतरला. काम हा माणसाचा हक्क आहे, दान नव्हे, हे या दुष्काळी मातीने देशाला शिकवले. काम शोधीत गाव सोडून गेलेल्याचाही काही हक्क असतो, हे त्याच विचाराचे पुढचे पाऊल आहे.

२३/
विट्याच्या तहसील कचेरीत परमुलखातील गलाई कामगारांची नोंदवही असावी, आणि तिच्या शेजारी त्याच तालुक्यात काम करणाऱ्या नेपाळी माणसांचीही असावी. पहिली ठेवायची आणि दुसरी टाळायची, असे करता येणार नाही. १९५० च्या कराराचा पाया परस्परता हा आहे. आपल्या मुलासाठी काठमांडूत जे मागायचे, ते दुसऱ्याच्या मुलाला सांगलीत द्यावे लागेल. पंचाहत्तर वर्षांपूर्वी दोन सरकारांनी हे तत्त्व कागदावर मान्य केले. त्याचा अर्थ तालुक्याच्या पातळीवर उतरवणे एवढेच उरले आहे.